स्टीलचं भांडं देवाचं होतं

सुनेने निरांजन विझवायला हात पुढे केला आणि माझ्या मुलाने तिचं मनगट धरलं.

"दिवा नाही विझवायचा! अपशकुन होतो!"

समोर अॅल्युमिनियमचा मोठा भगोना खाली जाळ नसताना उकळत होता. करडा फेस काठापर्यंत चढला होता, वाफ घशाला बोचत होती, आणि पन्नाशीला आलेला माझा मुलगा शकुनाची काळजी करत होता. मग फट्ट असा मोठा आवाज झाला आणि फेस उडाला. त्याच्या हातांवर पडला आणि तिच्या तोंडावर पडला. तो गुरासारखा ओरडला. ती ओरडली नाही. तिने दोन्ही हात चेहऱ्याजवळ नेले, पण लावले नाहीत, आणि म्हणाली, "आई, पाणी. डोळ्यात गेलं. पाणी."

डावा डोळा. उजव्याने तिला लहानपणापासून धड दिसत नाही. समोर माणूस आहे की खांब, एवढंच कळतं. वाचायचं सगळं डाव्याने, आणि वाचण्यावरच तिचं काम.

काम म्हणजे ती स्वीडनच्या भाषेतून इंग्रजीत भाषांतर करते. गोष्टी-कवितांचं नव्हे. कारखान्यांतल्या रसायनांचे कागद. कुठला पदार्थ कशात ठेवायचा, कशात मिसळायचा, अंगावर पडला तर काय करायचं. लोक विचारतात, ग्वाल्हेरात बसून? हो, ग्वाल्हेरात बसून. नया बाजारातल्या आमच्या घरात, मागच्या खोलीत, जिथे पूर्वी गाद्या ठेवत होतो. रसायनशास्त्र शिकून ती तिकडे गेली होती, एका कागदाच्या गिरणीच्या गावात काही वर्षं प्रयोगशाळेत नोकरीला होती. वडील अंथरुणाला खिळले म्हणून परत आली आणि उशिरा आमच्या घरात पडली. पडली हाच शब्द बरोबर आहे. माझ्या मुलाशी लग्न झालेल्या बाईला दुसरा शब्द मला सुचत नाही.

सुरुवातीला मला तिच्या कामाचा राग यायचा. एका शब्दावर दिवस घालवायची. तिकडे लाकूड शिजवून कागदाचा लगदा करतात, आणि शिजवायला जे जहाल पाणी लागतं त्याला ते लोक लूत म्हणतात. पांढरी लूत, हिरवी लूत, काळी लूत. आपल्याकडे लूत कुत्र्याला होते, म्हणून तो शब्द मला पहिल्या दिवसापासून लक्षात राहिला. तर ही लूत इंग्रजीत काय लिहायची? डिक्शनरीत एक शब्द, गिरणीत दुसरा. लाकूड शिजवायला असेल तर एक, पाइप धुवायला असेल तर वेगळा. कागदावर तर नुसतं लूत लिहिलेलं. मग ही बाई विचार करत बसायची: हे पाणी कुठून येतं, कुठे जातं, त्याला कोण हात लावतं. मी म्हणायची, "लिहून टाक काहीतरी, कोण बघतंय?" ती म्हणायची, "आई, ज्याच्या अंगावर पडेल तो बघेल."

फारच अडलं तर ती तिकडच्या एका म्हाताऱ्याला फोन लावायची. तो त्या गिरणीत भट्टीवर होता, आता घरी असतो. दुपारच्या चहाच्या वेळी यांचं बोलणं चालायचं. त्यात ती मधेच हप् करून श्वास आत ओढायची. पहिल्यांदा मला वाटलं, दमा आहे आणि लग्नाच्या वेळी लपवला. मी तसं तोंडावर विचारलंसुद्धा. ती हसली. म्हणाली, "नाही हो आई. तिकडे त्या भागात हो म्हणायचं असलं की असाच श्वास ओढतात. सवय लागली." होकार द्यायला जे लोक तोंडसुद्धा उघडत नाहीत त्यांच्याविषयी माझं मत तिथेच ठरलं.

आणखी एक खोड. वाक्य इंग्रजीत लिहून झालं की ती मला मराठीत सांगायची आणि विचारायची, "कळलं का?" मी म्हटलं, मला कशाला विचारतेस? मी चौथी पास. तर म्हणते, "तुम्हाला कळलं तर कारखान्यातल्या माणसाला कळेल." हा मान आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण मटार सोलता सोलता, तांदूळ निवडता निवडता, ती बडबड कानावर पडायची. एक वाक्य तर जवळजवळ प्रत्येक कागदावर असायचं. डोळ्यात गेलं तर लगेच पाण्याने धुवा, पापणी उघडी धरा, धुणं थांबवू नका, डॉक्टरकडे नेतानाही धुवत राहा. मी एकदा वैतागून म्हटलं, "हेच का परत परत? त्या लोकांना एकदा सांगून समजत नाही?"

"नाही समजत," ती म्हणाली. "म्हणून तर परत परत."

आता कंपन्यांकडून भाषांतर मशीनच करून येतं आणि हिने ते फक्त तपासायचं. मशीन फार सफाईने लिहितं म्हणे. ती म्हणते, तीच पंचाईत. अडायला पाहिजे तिथे ते अडत नाही. हे ऐकलं तेव्हा मला पटकन माझ्या मुलाची आठवण झाली. तोही कुठे अडत नाही.

आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे आले, एवढ्या भांडवलावर त्याचं आयुष्य चाललं आहे. भिंतीवर एक तलवार आहे. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागतं. बाकी वर्षभर तलवार खिळ्यावर आणि हा खुर्चीवर. आधी विमा विकत होता. मग टोपी बाजारात मोबाइलच्या कव्हरांचं दुकान काढलं, ते बंद केलं. चालू आहे ते फक्त मंडळाचं काम. आमच्या मराठी लोकांच्या गणपती मंडळाचा तो भांडारप्रमुख आहे. म्हणजे मंडळाची स्वयंपाकाची मोठी भांडी आमच्या जिन्याखालच्या खोलीत राहतात आणि किल्ली याच्या जानव्याला असते.

एक दिवस जेवताना त्याला धंदा सुचला. हलवायांच्या काळ्या कढया साफ करायचं पाणी बनवायचं आणि विकायचं. वर नाव लावायचं, स्वीडन का फॉर्म्युला.

"तुझा तो पाइप धुवायचा कागद आला होता ना," तो बायकोला म्हणाला, "त्यात काय काय पडतं?"

"अहो, तो कारखान्याचा कागद आहे. आपला नाही. आणि ते घरी करायचं काम नाही."

"अगं कास्टिक सोडाच ना शेवटी? इथे बाजारात गोणीने मिळून राहिलंय. तू फक्त सांग, पाणी किती, माल किती."

"मी नाही सांगणार."

"बघ आई. घरवालों को नहीं बताएगी. गोऱ्यांना सगळं सांगेल." मग माझ्याकडे बघून डोळा मारला. "वैसे भी दारूच्या कंपनीचं काम करते ही. मी बघितलंय कागदावर, ब्लॅक लिकर लिहिलेलं."

हा विनोद त्याने मंडळात, लग्नात, तेराव्याला, सगळीकडे करून झाला होता. गिरणीतल्या त्या काळ्या पाण्याला इंग्रज तसं म्हणतात, हे ती त्याला दरवेळी समजावत असे. त्या दिवशी तिने समजावलं नाही. ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "नीट ऐका. तुम्ही माझं ऐकून थांबणार नाही, मला माहीत आहे. तर निदान हे ऐका. भांडं स्टीलचं घ्यायचं. अॅल्युमिनियम चालणार नाही, कास्टिक ते भांडं खातं आणि पेटणारा वायू सुटतो. जवळ कुठे आग नको, दिवा नको, विडी नको. डोळ्याला चष्मा. आणि पाण्यात माल टाकायचा, मालावर पाणी ओतायचं नाही."

मी तेव्हा डाळीचं दुसरं वाढण घेत होते. सगळं ऐकलं. त्यानेही ऐकलं, दात कोरत.

"गोऱ्यांचे नखरे," तो म्हणाला. "त्यांची कातडी नाजूक असते."

यातलं एक त्याने पाळलं. पाण्यात माल टाकला.

थंडीचे दिवस होते. आंगणात ऊन पडलं होतं, मी खुर्ची टाकून बसले होते. सून आत कामावर होती. नवऱ्याने तिला सांगितलं होतं की आज फक्त नारळ फोडायचा आहे. मुहूर्त काढला होता. हलवायाच्या कढया घासायच्या पाण्याला मुहूर्त! मंडळाचे अध्यक्ष आले होते. मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, सफारी घालणारे, मला आईसाहेब म्हणणारे गृहस्थ. पुढे यांना भागीदार व्हायचं होतं, असं मला नंतर कळलं.

जिन्याखालच्या खोलीत दोन प्रकारची भांडी आहेत. नवी स्टीलची पातेली गणपतीच्या महाप्रसादाची. त्यांना आंघोळ केल्याशिवाय कोणी हात लावत नाही, त्यांत कांदा-लसूण शिजत नाही. आणि जुने अॅल्युमिनियमचे भगोने, ते लग्नामुंजीला कोणीही घेऊन जावेत. मुलाने खोली उघडली, जरा उभा राहिला, आणि भगोना बाहेर ओढला. त्याला स्टील आठवत होतं. हे मी शपथेवर सांगते, कारण तो अध्यक्षांना म्हणाला, "बायको स्टीलचं सांगत होती, पण साहेब, देवाच्या भांड्यात साबण कसा बनवायचा? पाप लागेल."

"अगदी बरोबर," अध्यक्ष म्हणाले. "संस्कार आहेत."

असे ते संस्कार. भगोन्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. पत्र्याचा डबा उपडा करून शेजारी ठेवला आणि त्यावर निरांजन लावलं, काठाच्या अगदी बरोबरीला, म्हणजे देवाला आत काय चाललंय ते दिसावं. नारळ फोडला. पाणी ओतलं. मग, अध्यक्ष आलेच आहेत तर थोडं करून दाखवतो म्हणून, गोणी उघडून पांढरा माल टाकायला लागला. ओंजळीने नाही, तेवढी अक्कल होती. प्लास्टिकच्या मगाने.

थोड्या वेळाने भगोना सूं सूं करायला लागला. मग बुडबुडे आले. निरांजनाजवळ बुडबुडा फुटला की बारीक फट् व्हायचं.

"साहेब, बघा! फटाके!" माझा मुलगा म्हणाला. "देवाने कौल दिला."

अध्यक्षांनी टाळी वाजवली.

सुनेला तो आवाज आतून ऐकू आला असणार. ती दारात आली. एकदा भगोन्याकडे बघितलं, एकदा दिव्याकडे, आणि धावली. पुढचं मी सुरुवातीलाच लिहिलं आहे.

अध्यक्ष सगळ्यांत आधी गल्लीत पोचले. त्यांच्या वयाला ती चपळाई शोभत नव्हती.

मी उठले. नळाला पाणी येण्याचा दिवस नव्हता, आमच्याकडे ते दोन दिवसांआड येतं. पिण्याचं पाणी भरलेली कळशी स्वयंपाकघराच्या दाराशी होती, ती घेतली, तिला ओट्याच्या कडेला बसवलं, मान एका बाजूला केली आणि ओतायला लागले. तिला स्वतःला पापणी धरवत नव्हती. मी माझ्या बोटांनी धरली. पापणी उघडी धरणं वाचायला सोपं आहे. जिवंत माणसाची, तडफडणाऱ्या माणसाची पापणी धरून बघा एकदा. माझ्याही बोटांची आग व्हायला लागली, कारण ते पाणी माझ्यावरही ओघळत होतं.

मुलगा आंगणभर नाचत होता. "आई, माझे हात! आई, मला बघ ना!"

"टाकीखाली जा, तळाला थोडं पाणी आहे, तोटी सोड, हात धर," मी म्हटलं.

"मला जमत नाही!"

"मग नाच."

तो माझ्या पोटचा आहे. पण त्याचे दोन्ही डोळे धड होते.

कळशी संपली. ड्रमचं झाकण काढलं, तांब्याने ओतायला लागले. तोवर भिंतीवरून शेजारीण डोकावली. "काकी, दूध घाला दूध! ठंडक पडेल!" गल्लीतून अध्यक्षांचा आवाज आला, "आईसाहेब, लिंबू पिळा! खारावर आंबट पाहिजे, सायन्स आहे!" मी म्हटलं, "तुम्ही आत येऊन तुमच्या डोळ्यात पिळून दाखवा." मग आवाज बंद झाला.

सून मधे मधे विचारत होती, "किती वेळ झाला?" मी म्हणत होते, "थोडाच. गप बस." तिची मान पडत होती. शेजारीण म्हणाली, "आता बस करा, बेशुद्ध होईल, दवाखान्यात न्या." पण धुणं थांबवू नका हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते माझ्या डोक्यात टीव्हीवरच्या जाहिरातीसारखं वाजत होतं. शहाणपण नव्हतं ते. बडबड होती, कानात बसलेली. मी शेजारणीला म्हटलं, "तुझा पाइप टाक भिंतीवरून आणि मोटर लाव."

"काकी, आमची टाकी रिकामी होईल. परवापर्यंत पाणी नाही."

"होऊ दे. आंघोळ नको करू परवापर्यंत. एरवी तरी कुठे दिसते केल्यासारखी."

रागावली, पण पाइप टाकला. आजही बोलत नाही माझ्याशी. हरकत नाही, पाइप टाकला.

मग ई-रिक्शा आली. मी प्लास्टिकच्या दोन बादल्या भरून आत ठेवल्या आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन रस्ताभर तांब्याने ओतत राहिले. रिक्शावाला कुरकुरत होता, "अम्माजी, पूरी सीट गीली कर दी."

"सूख जाएगी. तू गड्ढे देख के चला."

मुलगा पुढे त्याच्या शेजारी बसला होता, हाताला ओला टॉवेल गुंडाळून. तोटी सोडायला शेवटी जमलं होतं.

डॉक्टरने तिच्या पापणीच्या आत कागदाची बारीक पट्टी लावली, खार अजून आहे का म्हणून तिचा रंग बघितला, आणि परत धुवायला घेतलं. नळीने, बराच वेळ. मला बाहेर बसवलं. बाहेर आला तेव्हा म्हणाला, डोळ्याचा पुढचा पडदा भाजला आहे. किती भरून येईल सांगता येत नाही. मी विचारलं, "वाचू शकेल का?" तो म्हणाला, "अम्मा, अभी कुछ मत पूछिए." मी पुढे विचारलं नाही. आमच्या घरात उत्तर माहीत नसताना बोलणारे पुष्कळ आहेत, हा निदान त्यांतला नव्हता.

घरी आणल्यावर बघायला लोक आले. थाटीपूरची माझी नणंद आली, संत्री घेऊन. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या सुनेसमोर बसून म्हणाली, "वहिनी, मी तर आधीच म्हणत होते. बायकांनी ही केमिकलची कामं घरात कशाला आणायची?"

"तिने कागद आणले होते," मी म्हटलं. "गोणी तुझ्या भाच्याने आणली."

"पण फॉर्म्युला तर हिचाच ना?"

हे कुठून आलं ते मला लगेच कळलं. माझा मुलगा हाताला मलमपट्ट्या लावून गल्लीत फिरत होता आणि भेटेल त्याला सांगत होता, लॅबमध्ये अॅक्सिडेंट झाला, ट्रान्सलेशन में गड़बड़ थी. लॅब म्हणजे आमचं आंगण.

ते सुनेच्या कानावर गेलं. ती पडल्या पडल्या छताकडे तोंड करून विचारायला लागली. छतही दिसत नव्हतं तिला.

"आई, मी स्टील सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस."

"अॅल्युमिनियम नको, हे सांगितलं होतं? की नुसतं स्टील म्हटलं?"

"दोन्ही सांगितलंस. मी डाळ वाढून घेत होते."

थोड्या वेळाने परत तेच. तिला डोळ्याची भीती होती, पण त्याबद्दल ती बोलत नव्हती. बोलत होती ती वाक्याबद्दल. अशी माणसं असतात. मी चिडून म्हटलं, "तू सांगितलंस, बरोबर सांगितलंस, मराठीत सांगितलंस. ऐकणारा गाढव असेल तर तू कुठल्या भाषेत सांगणार होतीस?"

तिच्या कामाच्या एजन्सीकडून लवकर बरे व्हा असा निरोप आला. मशीनने लिहिल्यासारखा. कामं दुसऱ्यांकडे गेली. त्या म्हाताऱ्या भट्टीवाल्याचा फोन आला, तो तेवढा ती घेत होती. बोलणं एकीकडूनच चाललेलं वाटायचं.

मग अध्यक्ष आले. त्यांना भगोना हवा होता. मंडळाच्या कोणाच्या तरी घरी मुंज होती.

"आईसाहेब, दुर्दैवी प्रसंग," ते चप्पल काढता काढता म्हणाले. "सूनबाईंच्या भाषांतरात चूक राहिली म्हणे. होतं असं. परकी भाषा आहे."

मुलगा आत बसला होता. सून पलीकडच्या खोलीत, दार उघडं. मी आंगणात गेले आणि भगोना ओढत आणला. बुडाची चाळणी झाली होती, काठ कागदासारखा पातळ झाला होता. स्वस्तिकातलं कुंकू मात्र बाहेरून तसंच. तो मी अध्यक्षांच्या पायाशी ठेवला आणि मुलाला हाक मारली.

"इकडे ये. साहेबांना सांग. तिने कुठलं भांडं घ्यायला सांगितलं होतं?"

"आई, आता ते जाऊ दे ना यार."

"कुठलं?"

"साहेबांसमोर काय लावलंस..."

"साहेब होते तिथे. टाळी वाजवली होती त्यांनी. कुठलं भांडं?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "स्टील."

"मोठ्याने. आत ऐकू जाऊ दे."

"स्टील म्हणाली होती ती. स्टील!"

"भाषांतर स्टीलचं होतं, साहेब," मी म्हटलं. "मुलगा माझा अॅल्युमिनियमचा निघाला. भगोना घेऊन जा. मुंजीला उपयोगी पडेल, भात आपोआप गाळला जाईल."

त्यांनी भगोना नेला नाही. किल्ली मात्र मुलाकडून मागून घेतली, आणि मंडळाची भांडी आता दुसऱ्याच्या घरी असतात. जिन्याखालच्या त्या खोलीत आता आम्ही गाद्या ठेवतो. मुलाने महिनाभर मला तोंड दाखवलं नाही, म्हणजे जेवणाच्या वेळा सोडून.

त्या दिवसानंतर सुनेने भांड्याचं विचारणं बंद केलं. आता डोळ्याचंच उरलं होतं, आणि त्याबद्दल विचारण्यासारखं कोणी घरात नव्हतं.

शेवटच्या तपासणीला मीच तिच्याबरोबर गेले. मुलगा येतो म्हणाला होता, पण त्याला वाटेत अपशकुन दिसेल अशी मला भीती वाटली. डॉक्टरने पट्टी काढली, डोळ्यात थेंब टाकले, डोळा पुसला. उजवा डोळा झाकायला सांगितला. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी, खाली बारीक. त्याने दिवा लावला.

"दिख रहा है?"

ती तक्त्याकडे तोंड करून बसली. मला बाजूने तिचा डोळा दिसत होता, लाल, पाणी वाहणारा. तो वरून खाली सरकत होता, ओळी धरून. वाचणाऱ्या माणसाचा डोळा कसा सरकतो ते मी मागच्या खोलीच्या दारातून रोज बघत आले आहे.

मग तिने हप् करून श्वास आत ओढला.

डॉक्टर दचकला. "क्या हुआ? साँस में तकलीफ़ है?"

"नहीं," मी म्हटलं. "हाँ बोल रही है."

त्याला काही समजलं नाही. मी समजावत बसले नाही. घरी येताना तिने दुकानांच्या पाट्या वाचल्या, एकेक, मोठ्याने, माझं डोकं उठेपर्यंत. डाव्या कडेला अजून धूर असल्यासारखं दिसतं तिला, ते तसंच राहील म्हणतात. अक्षरं मोठी करून काम करते. पहिला कागद आला त्यात तेच डोळ्याचं वाक्य होतं. मशीनने ते बरोबर लिहिलं होतं, तरी तिने मला मराठीत सांगितलं आणि विचारलं, "कळलं का?" मी म्हटलं, "नाही. परत सांग."

आंगणात त्या दिवशी चौघं होतो. अध्यक्ष पळाले, त्यांना मोजत नाही. राहिलो तिघं: सून, मुलगा आणि मी. तिघंही जिवंत आहोत.